घंटा दिसावी, आणि दिसत राहावी
(सिविक सेंटर, भिलाई येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



धोक्याचा इशारा म्हणजे काय, हे भिलाईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून हे गाव यंत्रांच्या शेजारी राहतं आहे. १२ जून २०१४ रोजी इथल्या पोलाद कारखान्यात कार्बन मोनॉक्साइडची गळती होऊन सहा जणांचा जीव गेला. ज्या वायूला रंग नाही आणि वास नाही, तो आला आहे हे माणसाला सांगण्याचं काम यंत्रालाच करावं लागतं. मी आज ज्या इशाऱ्याबद्दल बोलणार आहे तो वरकरणी फारच लहान आहे. संगणकाच्या पडद्यावर चार-सहा विंडो उघड्या असतात, त्यांतला एखादा प्रोग्राम ‘इकडे बघा’ म्हणून घंटा वाजवतो, आणि ज्याला ती ऐकू येत नाही त्याला ती दाखवायची असते. हे दाखवण्याचं काम विंडो मॅनेजरचं, म्हणजे विंडोंना चौकट देणारा, त्यांना पुढे-मागे करणारा, कुठली विंडो कुठे आहे याचा हिशेब ठेवणारा जो प्रोग्राम असतो त्याचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे काम आजवर अर्धंच झालेलं आहे. पडदा क्षणभर चमकवला की घंटा दिसली, असं आपण धरून चाललो. पण दिसणाऱ्या घंटेला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कुणी वाजवली, कधीपासून वाजली आहे, आणि कुणी तिची दखल घेतली की नाही.

ही घंटा मुळात खरीखुरी होती. दूरमुद्रकाच्या, म्हणजे टेलिप्रिंटरच्या, पेटीत धातूची घंटा असे. १९६३ मध्ये आस्की ही संकेतमाला ठरली तेव्हा तिच्यात सात क्रमांकाचं चिन्ह या घंटेसाठी राखून ठेवलं गेलं. ते कागदावर उमटत नसे, पलीकडच्या यंत्रातला टोल वाजवत असे. तार खोलीत दहा यंत्रं शेजारी शेजारी असली तरी घंटा एकाच यंत्रातून येई आणि मान त्याच बाजूला वळे. आवाजाला जागा होती. पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला, १९७८ च्या व्हीटी-१०० सारख्या टर्मिनलमध्ये टोलाची जागा ‘बीप’ने घेतली, तरी एक टर्मिनल म्हणजे एकच काम हा हिशेब टिकून होता. विंडो आल्या आणि तो मोडला. एका पडद्यावर दहा कामं, आणि सगळ्यांना मिळून एकच स्पीकर. ऐकू येणाऱ्या माणसालाही मग कळेनासं झालं की हाक कुणी मारली. म्हणजे घंटेचं बहिरेपण केवळ कर्णबधिरांच्या वाट्याला आलेलं नाही. तिच्यातली निम्मी माहिती सगळ्यांसाठीच हरवली होती, आणि हे लक्षात घेतलं तर आजचा विषय मूठभर लोकांच्या सोयीचा राहत नाही.

युनिक्स आणि लिनक्सच्या जगात ज्या व्यवस्थेवर ही सगळी विंडोंची दुनिया उभी राहिली, त्या एक्स विंडो सिस्टिमची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तिच्यात घंटा वाजवण्याची विनंती आहे, पण त्या विनंतीत फक्त आवाज किती मोठा हवा एवढंच सांगता येतं. मागणारी विंडो कोणती, हे सांगायला जागाच ठेवलेली नाही. त्या वेळी ते कुणाला खटकलं नसावं, कारण आवाज तर स्पीकरमधूनच यायचा होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यात कीबोर्डसाठी एक्सकेबी नावाची जोड मिळाली आणि तिनं दोन मोठ्या गोष्टी केल्या. घंटा मागताना विंडोचा क्रमांक आणि घंटेचं नाव देता येऊ लागलं. आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला सर्व्हरला, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रामला, असं सांगता येऊ लागलं की, आवाज तू करू नकोस, घंटा वाजायची वेळ आली की मला कळव. दिसणाऱ्या घंटेचा पाया इथं घातला गेला.

२००२ च्या सुमाराला ग्नोम डेस्कटॉपच्या मेटासिटी या विंडो मॅनेजरमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या लोकांनी या पायावर काम केलं. त्यामागे अमेरिकेतल्या कायद्याचाही रेटा होता. सरकारी खरेदीतली संगणकसामग्री अपंगांना वापरता यावी यासाठीच्या कलम ५०८ ची मानकं २००१ पासून लागू झालेली होती. ते काम कसं चालतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. घंटेची सूचना आली की मेटासिटी तिच्यातला विंडोचा क्रमांक वाचतो आणि आपल्या नोंदीत ती विंडो शोधतो. सापडली, तर तिची चौकट उलट अवस्थेच्या रंगात (पुढची असेल तर मागच्या विंडोसारखी, मागची असेल तर पुढच्या विंडोसारखी) रंगवतो आणि १०० मिलिसेकंदांनी पूर्ववत करतो. वापरणाऱ्यानं दुसरा पर्याय निवडला असेल तर सगळा पडदाच क्षणभर झाकून उघडतो. पाठोपाठ येणाऱ्या घंटांचा पूर येऊ नये म्हणून दोन चमकांमध्ये १०० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलेलं आहे. आणि सूचनेत विंडोचा क्रमांकच नसेल तर? तर ज्या विंडोवर माणूस काम करतो आहे तिचीच ती घंटा, असं गृहीत धरलं जातं. हा अंदाज नेमका जिथं चुकायला नको तिथं चुकतो. माणूस ज्या विंडोकडे बघतच आहे तिची घंटा त्याला कळायला फारशी मदत लागत नाही. घंटेची खरी गरज मागे दडलेल्या, खाली केलेल्या, दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे त्या वेळी न दिसणाऱ्या आभासी पडद्यावर, ठेवलेल्या विंडोला असते, आणि तिची हाक भलत्याच चौकटीवर उमटते.

हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळे एका मोफत मिळणाऱ्या डेस्कटॉपवर, कुठल्याही प्रोग्रामला हात न लावता, घंटा डोळ्यांना दिसू लागली. पण तिची घडण आवाजाच्या साच्यातून झाली. आवाज क्षणभराचा असतो म्हणून चमकही क्षणभराची ठेवली. इथंच विचारातली फट आहे. आवाज क्षणभराचा असूनही चालतो, कारण तो ऐकायला त्या दिशेला तोंड असावं लागत नाही. माणूस पाठमोरा असो, फाइल चाळत असो, चहा ओतत असो, आवाज त्याला गाठतो. प्रकाशाला ती शक्ती नाही. पडद्याकडे न पाहणाऱ्याला शंभर मिलिसेकंदांची चमक म्हणजे न घडलेली गोष्ट. मात्र प्रकाशाकडे जे आहे ते एका स्पीकरच्या आवाजाकडे नाही: त्याला जागा दाखवता येते आणि त्याला थांबता येतं. चमक दाखवून विझणाऱ्या घंटेत आवाजाचा क्षणभंगुरपणा आला, त्याची सर्वदूर पोच आली नाही, आणि प्रकाशाचं टिकून राहण्याचं सामर्थ्य वापरायचं राहूनच गेलं.

हे सामर्थ्य कसं वापरावं, याचं उत्तर संगणकशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको. ते कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये कित्येक दशकं भिंतीवर टांगलेलं आहे. अनाउन्सिएटर पॅनेल म्हणजे मागून दिवा असलेल्या चौकोनी काचांची जाळी. प्रत्येक काचेवर एका बिघाडाचं नाव कोरलेलं: पाण्याचा दाब कमी, पंप बंद, तापमान जास्त. बिघाड झाला की ती काच भराभर लुकलुकते आणि भोंगा वाजतो. ऑपरेटर ‘अ‍ॅक्नॉलेज’चं बटण दाबतो, म्हणजे मला कळलं असं सांगतो. भोंगा थांबतो, लुकलुकणं थांबतं, पण काच विझत नाही, ती स्थिर पेटून राहते. बिघाड दूर झाला की मगच ती विझते, काही रचनांमध्ये तर त्यानंतरही ‘रीसेट’ दाबेपर्यंत विझत नाही. हे क्रम अमेरिकेतल्या आयएसए या संस्थेच्या १९७९ च्या मानकात पद्धतशीर मांडलेले आहेत. त्यात आणखी एक सुंदर सोय आहे, तिला ‘फर्स्ट-आउट’ म्हणतात. एक पंप बंद पडला की त्याच्यामागून दहा काचा पेटतात, पण सगळ्यांत आधी कुठली पेटली ती वेगळ्या तऱ्हेनं लुकलुकते, कारण मूळ दुखणं बहुधा तिथं असतं. पाळी बदलून आत आलेल्या माणसाला भोंगा ऐकू आलेला नसतो. तो भिंतीकडे बघतो आणि आपण नसताना काय घडलं ते त्याला समजतं. या खोलीच्या दृष्टीनं तो माणूस भोंग्याच्या वेळी बहिराच होता, आणि तरीही त्याचं काही अडलं नाही.

आता हीच रीत डेस्कटॉपवर आणून पाहू. मागच्या विंडोनं घंटा वाजवली की तिच्या टायटल बारवर, खालच्या पट्टीतल्या तिच्या बटणावर आणि ती ज्या वर्कस्पेसवर आहे त्याच्या खुणेवर एक चिन्ह उमटावं आणि राहावं. वापरणारा त्या विंडोवर गेला की ती दखल झाली, चिन्ह उतरावं. यासाठी लागणारी सामग्री नवी नाही. एक्सच्या जुन्या नियमांत विंडोला ‘तातडी’ची खूण लावण्याची सोय आहे, नंतरच्या नियमांत ‘लक्ष द्या’ ही अवस्था आहे. आय-थ्रीसारखा साधा विंडो मॅनेजर तातडीची खूण असलेल्या वर्कस्पेसचं बटण लाल करून ठेवतो, आणि एक्सटर्म या टर्मिनलला सांगून ठेवलं तर तो घंटेचं रूपांतर या खुणेत करतो. म्हणजे सुटे भाग आहेत, पण अपंगांसाठीच्या पर्यायांत ‘दृश्य इशारे’ चालू केले की ते एकत्र येत नाहीत. तिथं अजून चमकच मिळते.

एक अवघड प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचं उत्तर विंडो मॅनेजरशिवाय कुणी देऊ शकत नाही. घंटा वाजली ती माणूस काम करत असलेल्या विंडोचीच असेल तर? विंडोवर जाणं ही दखल मानली तर ती वाजता क्षणीच दखल घेतली गेली, म्हणून चिन्ह उमटणारच नाही. माणूस समोर बसला असेल तर ते ठीकच, एक हलकी चमक पुरे. पण तो उठून गेला असेल तर विंडो पुढे आहे आणि बघणारा कुणी नाही. अशा वेळी चिन्ह राहिलं पाहिजे, आणि परत येऊन त्यानं एखादी कळ दाबेपर्यंत किंवा माउस हलवेपर्यंत उतरता कामा नये. माणूस खुर्चीत आहे की नाही हे प्रोग्रामला कळत नाही, त्याला सहसा फक्त त्याच्यावर दाबलेल्या कळा कळतात. एक्सची जागा घेत असलेल्या आजच्या वेलँड व्यवस्थेत तर सगळ्या कळा आणि माउसच्या सगळ्या हालचाली आधी कंपोझिटरकडे, म्हणजे विंडो मॅनेजरच्या नव्या अवताराकडे, येतात. किती वेळ काही हललेलं नाही हे त्याला नेमकं ठाऊक असतं. पडदा मोठा करून पाहणाऱ्या अल्पदृष्टी माणसाला सध्या पडद्याचा कुठला तुकडा दिसतो आहे, हेही त्यालाच ठाऊक असतं, म्हणून चिन्ह त्या तुकड्यात आणून दाखवणं त्यालाच जमेल. आणि चिन्ह नुसत्या लाल रंगाचं ठेवून भागणार नाही. रंगांधळ्या माणसाला ते टायटल बारच्या रंगात मिसळलेलं दिसेल. चौकटीची जाडी बदलावी किंवा एखादा आकार काढावा.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हे ज्या-त्या प्रोग्रामनं आपापलं बघावं. तसं अनेकांनी बघितलंही आहे. ईमॅक्समध्ये दिसणाऱ्या घंटेचा पर्याय आहे, टर्मिनलच्या वर्णनसूचीत ‘फ्लॅश’ नावाची नोंद आहे, एक्सटर्ममध्ये आहे. पण याचा अर्थ कर्णबधिर माणसानं प्रत्येक प्रोग्रामच्या पर्यायांत शिरून तीच मागणी पुन्हा पुन्हा करायची, आणि जो प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे सुचलंच नाही तिथं मुकाट बसायचं. शिवाय झाकलेल्या विंडोनं स्वतःच्या आत कितीही चमकून घेतलं तरी ते कुणाला दिसणार? झाकलेपणाची माहिती झाकणाऱ्याकडे असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता कोपऱ्यात संदेशाची पट्टी सरकवणारी नोटिफिकेशन आली आहेत, मग घंटेला कशाला कवटाळायचं? माझं उत्तर असं की, नोटिफिकेशनला मजकूर लागतो, तो लिहिणारा प्रोग्राम लागतो, आणि प्रोग्राम दूरच्या यंत्रावर चालत असेल तर दोन्ही यंत्रांवर एकच व्यवस्था लागते. घंटेला यांतलं काही लागत नाही. दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या वीस वर्षं जुन्या प्रोग्रामनं सात क्रमांकाचं चिन्ह पाठवलं की ते तारेवरून इथल्या टर्मिनलपर्यंत येतं आणि घंटा होते. कंट्रोल रूम, बँका, प्रयोगशाळा अशा ठिकाणी चालणारं बरंच काम अशाच जुन्या, भरवशाच्या प्रोग्रामांवर आहे, आणि ते नव्यानं लिहिले जाणार नाहीत. नोटिफिकेशनची पट्टीही बहुधा काही सेकंदांत सरकून जाते, म्हणजे ज्या उणिवेबद्दल मी बोलतो आहे ती बऱ्याच अंशी तिथंही आहेच.

तिसरी भीती इशाऱ्यांच्या गर्दीची. टिकून राहणारी चिन्हं ठेवली तर पडदा चिन्हांनी भरून जाईल, असं म्हणतात. गर्दीचा धोका खरा आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, त्याआधीच्या जेमतेम अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ इशारे आले होते. त्यांतला कामाचा इशारा हुडकणं कुणाच्याही आवाक्याबाहेरचं होतं. मात्र या धड्याचा रोख टिकून राहणाऱ्या चिन्हावर नाही. उलट, प्रकाशाची घंटा गर्दीवरचा उपायच आहे. एकाच विंडोनं पन्नास वेळा घंटा वाजवली तर कानाला ते पन्नास आवाज असतात, डोळ्याला मात्र एका विंडोवरचं एकच चिन्ह पुरतं. हवं तर पहिली घंटा कधीची होती ती वेळ त्यावर दाखवता येईल, आणि अनेक विंडो एका पाठोपाठ ओरडू लागल्या तर फर्स्ट-आउटच्या धर्तीवर सर्वांत आधीची विंडो ठळक करता येईल. विंडो मॅनेजरपाशी प्रत्येक घंटेची वेळ येतेच, ती आज फक्त दोन चमकांमधलं अंतर मोजायला वापरली जाते.

चमकेच्या धोक्याबद्दल मात्र आक्षेप घेणाऱ्यांची बाजू बरोबर आहे आणि ती मी पूर्ण मानतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला, आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. कलम ५०८ च्या मानकांनी सेकंदाला २ ते ५५ वेळा लुकलुकणं वर्ज्य ठरवलं, २००८ च्या वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एका सेकंदात तीनच्या वर चमका नकोत असं सांगितलं. शंभर मिलिसेकंदांचं अंतर म्हणजे सेकंदाला दहापर्यंत चमका. पूर्ण पडद्याच्या बाबतीत हे चालवून घेण्यासारखं नाही. पण हा आक्षेप पुढे नेला तर तो माझ्याच बाजूला येऊन बसतो. लुकलुकणं हा लक्ष वेधण्याचा भाग आहे, माहिती देण्याचा नाही. चिन्ह टिकून राहणार असेल तर लुकलुकीची गरज एका सौम्य चमकेवर भागते, आणि ज्याला तीही नको त्यानं ती बंद करावी. माहिती हरवत नाही.

राहिला संख्येचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५०.७ लाख नोंदली गेली. त्यात कारखान्याच्या गोंगाटानं हळूहळू ऐकू येईनासं झालेले आणि स्वतःला अपंग म्हणवून न घेणारे किती आले असतील, मला शंका आहे. गोंगाटानं येणारं बहिरेपण कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये गणलं गेलं होतं, म्हणजे पोलादाच्या गावात हा दुसऱ्या कुणाचा प्रश्न नाही. ज्या पाळीत कानात बोळे घालणं सक्तीचं आहे तिथं धडधाकट कानही त्या वेळेपुरता बंद असतो. कायदाही आता मागणी करतो आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्या अधिनियमाखालचे सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, बंधनकारक किमान नियम हवेत. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक झालेलं आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी सी-डॅकनं घडवलेली बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती आहे. तिचा सगळा कोड खुला आहे, तिच्यात ही सुधारणा करायला कुणा परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही.

आणि वेळही अनुकूल आहे. वेलँड आली तेव्हा तिच्या गाभ्यात घंटेला जागाच नव्हती, ज्या-त्या डेस्कटॉपनं आपापली खाजगी वाट काढली होती. २०२४ मध्ये घंटेसाठी एक सामाईक नियम मांडला गेला आणि त्यात घंटा वाजवताना कुठल्या विंडोची, ते सांगता येतं. १९८७ साली राहून गेलेला पत्ता नव्या व्यवस्थेतही पाकिटावर आला आहे. नियम इथंच थांबतो आणि ते योग्यही आहे. घंटा मिळाल्यावर कंपोझिटरनं काय करावं, हे त्यात लिहिलेलं नाही. ते आता कोड लिहिणाऱ्यांनी ठरवायचं आहे, आणि भिलाईच्या आयआयटीत किंवा दुर्गच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम प्रकल्प म्हणून घ्यावं असं मी आग्रहानं सुचवतो. काम लहान आहे, पण पुरं केलं पाहिजे. पुरं झालं की नाही ते तपासायची कसोटी सोपी आहे. स्पीकरची वायर काढून ठेवावी. चार विंडो उघडाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या वर्कस्पेसवर, एक खाली केलेली, एक इतरांखाली झाकलेली, एक समोर. चारही विंडोंमधून दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं घंटा वाजेल अशी व्यवस्था करावी आणि खोलीबाहेर निघून जावं. दहा मिनिटांनी दुसऱ्याच कुणाला, ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला, त्या खुर्चीत बसवावं आणि विचारावं: कुणी हाक मारली, सगळ्यांत आधी कुणी, आणि अजून कुणाकडे बघायचं राहिलं आहे?